प्रकरण: जोन रिव्हर्स आणि बदलीची खुर्ची

६ मे १९८६ रोजी फॉक्स नावाच्या, तोवर एकही कार्यक्रम न दाखवलेल्या अमेरिकन टीव्ही नेटवर्कनं पत्रकार परिषद बोलावली. रात्रीच्या गप्पांचा आपला पहिला कार्यक्रम विनोदी कलाकार जोन रिव्हर्स करणार, असं तिथे जाहीर झालं. जोन तेव्हा एनबीसी या जुन्या नेटवर्कच्या 'द टुनाइट शो'ची ठरलेली बदली सूत्रसंचालक होती. मुख्य सूत्रसंचालक जॉनी कार्सन सुट्टीवर गेला की त्याच्या खुर्चीत ती बसायची. ही बातमी फुटली तेव्हापासून मरेपर्यंत कार्सन तिच्याशी बोलला नाही. नवा कार्यक्रम ९ ऑक्टोबरला सुरू झाला, १५ मे १९८७ ला तिची त्यातून हकालपट्टी झाली आणि १४ ऑगस्टला तिचा नवरा एडगर रोझनबर्ग यानं आत्महत्या केली. एडगर त्याच कार्यक्रमाचा निर्माता होता.

हे प्रकरण सहसा दोन प्रकारे सांगितलं जातं. एक, शिष्येनं गुरूशी दगाफटका केला. दोन, बाई बरोबरीला उभी राहिल्यावर पुरुषाचा अहंकार दुखावला. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही सांगायला सोपी आहेत. मला त्यातला रुक्ष भाग जास्त बोलका वाटतो: खुर्ची कोणाची होती, नव्या नेटवर्कला नेमकं काय हवं होतं, आणि नव्या व्यवस्थेत नवऱ्याला कुठे बसवलं होतं. एनबीसी सोडण्यात जोनचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चुकली ती नव्या कामाची बांधणी.

तिथवर पोहोचताना

जोन अलेक्झांड्रा मोलिन्स्की १९३३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मली. आईवडील रशियातून आलेले ज्यू, वडील डॉक्टर. बर्नार्ड कॉलेजातून १९५४ मध्ये पदवी घेतली. व्हायचं होतं नटी. नाटकात काही जमेना, म्हणून ग्रीनिच व्हिलेजमधल्या छोट्या क्लबांत उभं राहून विनोद सांगायला लागली. तिथे पैसे जवळपास मिळतच नसत आणि प्रेक्षक बहुधा कॉफी प्यायला आलेले असत. टोनी रिव्हर्स नावाच्या एजंटनं आडनाव बदलायला सांगितलं, तर तिनं त्याचंच उचललं. १९६१ मध्ये शिकागोच्या 'सेकंड सिटी' या विनोदी नाट्यसंस्थेत आयत्या वेळी सुचवून सादर करायची तालीम झाली. लिखाणावरही पोट भरलं, 'कॅन्डिड कॅमेरा' या टीव्ही कार्यक्रमासाठी तिनं काम केलं.

'टुनाइट शो'नं तिला अनेकदा परत पाठवलं होतं. शेवटी १७ फेब्रुवारी १९६५ ला बोलावलं तेही विनोदी कलाकार म्हणून नव्हे, लेखिका म्हणून. त्यामुळे एकटीनं मायक्रोफोनसमोर उभं राहायचं नव्हतं, थेट कार्सनच्या शेजारी बसून बोलायचं होतं. हा योगायोग तिच्या पथ्यावर पडला, कारण तिची ताकदच समोरच्याला काहीतरी आतलं सांगितल्यासारखं बोलण्यात होती. कार्सनला कुठे थांबायचं, कुठे एखादा शब्द टाकून वाट मोकळी करून द्यायची हे नेमकं कळायचं. बोलणं संपता संपता डोळे पुसत तो म्हणाला, तू स्टार होणार. असं वाक्य देशभर ऐकू गेल्यावर माणसाचं मानधन दुसऱ्या दिवशी बदलतं, आणि तसंच झालं.

त्याच वर्षी जुलैमध्ये, ओळख झाल्यावर काही दिवसांतच, तिनं एडगरशी लग्न केलं. तो जर्मनीत जन्मलेला, इंग्लंडमध्ये शिकलेला, शिस्तीचा, जरा अकडू वाटणारा निर्माता. तिथून पुढे तिचे व्यवहार तो बघायला लागला. १९७८ मध्ये तिनं 'रॅबिट टेस्ट' नावाचा सिनेमा दिग्दर्शित केला, निर्माता एडगर. त्यासाठी दोघांनी घर गहाण टाकलं आणि सिनेमा आपटला. पुढच्या गोष्टीसाठी हा सिनेमा लक्षात ठेवावा लागतो. कला, संसार आणि पैसा एकाच डावावर लावायची या जोडप्याची सवय तिथे पहिल्यांदा महागात पडली, पण सुटली नाही.

बदलीचं काम

कार्सन १ ऑक्टोबर १९६२ पासून 'टुनाइट शो' करत होता. १९८० च्या करारानंतर कार्यक्रम दीड तासाचा एक तासावर आला आणि कार्सनच्या सुट्ट्याही भरपूर होत्या. साहजिकच बदली सूत्रसंचालकाचं महत्त्व वाढलं. आधी वेगवेगळे लोक ते काम करायचे. १९८३ मध्ये ते एकट्या जोनकडे आलं.

तिची ती वर्षं भन्नाट होती. 'कॅन वी टॉक?' म्हणत ती पुढे झुकायची आणि पाहुण्याला असं काही विचारायची की जे घरोघरी लोक एकमेकांना हळूच विचारत होते. एलिझाबेथ टेलरच्या वजनावर तिनं इतके विनोद केले की तो तिच्या कार्यक्रमाचा एक ठरलेला भागच झाला. आज ते ऐकताना अवघडल्यासारखं होतं. हेही नोंदवायला हवं की स्वतःचं नाक, स्वतःचं वय, लग्नाच्या बाजारातली स्वतःची किंमत यांवर ती त्याहून निर्दय होती. त्या काळात बायकांनी स्टेजवरून हे बोलणं फारसं रूढ नव्हतं. फिलिस डिलर या विनोदी कलाकार बाईनं आधी दार उघडलं होतं, पण डिलर विक्षिप्त बाईचं सोंग घेऊन उभी राहायची. जोन डिझायनर कपडे घालून, केस नीट बसवून तेच आणि त्यापुढचं बोलायची.

आता या कामाची एक खुबी. बदलीवर आलेल्या माणसाचा आगाऊपणा खपतो, कारण सोमवारी मालक परत येणार हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं आणि पाहुण्यालाही. आठवडाभर राहायला आलेली फटकळ मावशी सगळ्यांना हवीहवीशी वाटते. तिनं बाडबिस्तरा घेऊन कायमचा मुक्काम टाकला की घरातल्यांचे चेहरे बदलतात. जोनची धार कार्सनच्या सौम्यपणाच्या आधारावर उभी होती. हे तेव्हा कोणी मांडलं असतं तर तिला ते अपमानास्पद वाटलं असतं, आणि ते साहजिकही होतं. पण फॉक्सवर जे घडलं त्यातला बराच भाग यानं उलगडतो.

जायची कारणं

१९८६ च्या सुमारास दोन गोष्टी तिला खुपत होत्या. कार्सनचा करार दोन वर्षांसाठी वाढला आणि तिला मात्र एकाच वर्षाची हमी देऊ केली गेली. म्हणजे तो असेल, पण ती असेलच असं नाही. दुसरी गोष्ट तिनं स्वतः नंतर वारंवार सांगितली: कार्सननंतर कोण, याची एनबीसीतली दहा नावांची एक यादी तिच्या हाती लागली, आणि तीन वर्षं ती खुर्ची सांभाळणाऱ्या जोनचं नाव तीत नव्हतं. हे तिचं कथन आहे हे खरं. तरी करारातला फरक एकटा धरला तरी संदेश पुरेसा स्पष्ट होता. नोकरी करणाऱ्या कोणालाही तो कळेल.

त्याच वेळी माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक आणि फॉक्सचा प्रमुख बॅरी डिलर चौथं नेटवर्क उभं करत होते. एबीसी, सीबीएस, एनबीसी या तिघांच्या मक्तेदारीत शिरकाव करायचा होता. मर्डॉकनं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स विकत घेतलं होतं, मेट्रोमीडियाची मोठ्या शहरांतली सहा टीव्ही स्टेशनं घेतली होती, आणि परकीय माणसाला तेव्हा अमेरिकेत स्टेशनं ठेवता येत नसत म्हणून १९८५ मध्ये अमेरिकन नागरिकत्वही घेतलं होतं. हाती स्टुडिओ होता, स्टेशनं होती, दाखवायला काही नव्हतं. संध्याकाळच्या मालिका एप्रिल १९८७ मध्ये आल्या. त्याआधीचे सहा महिने फॉक्स म्हणजे जोन रिव्हर्स, दुसरं काही नाही.

हे नीट पाहिलं तर फॉक्सनं तिला का घेतलं ते कळतं. कार्सनच्या घरातून माणूस फोडला ही बातमीच त्यांची जाहिरात होती. कार्यक्रम वर्षानुवर्षं मुरावा असा धीर त्या व्यवहारात पहिल्यापासून नव्हता. जोनला मात्र तीन वर्षांचा, कोट्यवधी डॉलरचा करार म्हणजे स्वतःचं घर वाटलं.

फोन

बोलणी गुप्तपणे चालली. जोनच्या सांगण्याप्रमाणे, जाहीर होण्याआधी तिनं कार्सनला फोन केला आणि त्यानं तो आपटला. पुन्हा केला, पुन्हा आपटला. तोवर त्याला बातमी दुसरीकडून कळलेली होती. त्याच्या बाजूनं तक्रार एवढीच होती की तिनं आधी येऊन सांगायला हवं होतं.

मला ही तक्रार खरी वाटते, पण तोकडीही वाटते. विनोदी कलाकार डेव्हिड ब्रेनरही 'टुनाइट शो'वर वारंवार बदली बसलेला. त्यानंही १९८६ मध्येच रात्रीचा स्वतःचा कार्यक्रम काढला. त्याच्या वाट्याला जन्माचं वैर आलं नाही. जोननं पुढे लिहिलं की आपण बाई होतो म्हणून कार्सन आपल्याला स्वतःची मालमत्ता समजत होता. फरक निव्वळ एवढाच होता असं म्हणवत नाही, कारण ब्रेनरच्या मागे मर्डॉकचं नवं नेटवर्क उभं नव्हतं. तरी तिचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं? एनबीसीनं तिचे उरलेले आठवडे काढून घेतले असते, थोडे पैसे बुडाले असते. फॉक्सचा स्फोट मात्र फुसका झाला असता. म्हणजे गुप्ततेचा फायदा सगळा फॉक्सचा आणि किंमत सगळी जोनची. करार करताना हा हिशेब तिच्या बाजूनं कोणी मांडायचा असेल, तर तो एडगरनं मांडायला हवा होता.

सात महिने

पहिल्या रात्री शेर, एल्टन जॉन, डेव्हिड ली रॉथ आणि पी-वी हर्मन आले. अमेरिकेत नेटवर्कवर रात्रीचा रोजचा गप्पांचा कार्यक्रम चालवणारी ती पहिलीच स्त्री. कुतूहलापोटी लोकांनी पाहिलं आणि मग आकडे उतरायला लागले.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. फॉक्सकडे शंभराच्या आसपास स्टेशनं होती, त्यांतली बरीच मागच्या बाकावरची, अँटेना फिरवत बसल्याशिवाय धड न दिसणारी. 'टुनाइट शो' दोनशेहून अधिक स्टेशनांवर दिसायचा. पाहुण्यांचं दुखणं त्याहून मोठं. हॉलिवूडमध्ये सिनेमा विकायचा तर कार्सनच्या सोफ्यावर बसणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग होता. जोनकडे गेलो तर तो सोफा बंद होईल ही भीती मोठ्या नावांना होती, असं जोन सांगायची. कार्सननं तसा हुकूम काढायचीही गरज नव्हती. त्याचा राग सगळ्यांना माहीत होता.

आणि पाचही रात्री तिचाच आवाज. पाहुण्याला बोचकारायचं तर पाहुणे येत नाहीत, सांभाळून घ्यायचं तर ती जोन राहत नाही. हा पेच तिला त्या सात महिन्यांत सुटला नाही. सुटायला बहुधा दोनेक वर्षं लागली असती.

तेवढा वेळ मिळाला नाही तो एडगरमुळे, निदान वरवर तरी. १९८४ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, प्रकृती आणि मन दोन्ही ठीक नव्हतं. कार्यकारी निर्माता या नात्यानं खर्च, माणसं, अधिकार यांवरून त्याचे बॅरी डिलरशी खटके उडत राहिले. डिलर स्टुडिओ चालवून मुरलेला माणूस. आपल्या इमारतीत दुसऱ्याचा शब्द अखेरचा, हे त्याला चालणारं नव्हतं. शेवटी फॉक्सनं एडगरला दूर करायला सांगितलं. जोननं नकार दिला आणि दोघंही गेले.

इथे जरा थांबायला हवं. नेटवर्कचा वाद निर्मात्याशी होता आणि निर्णय सूत्रसंचालिकेला करायचा होता, कारण तो निर्माता तिच्या घरात राहत होता. दुसरा कोणी निर्माता असता तर ती अडली असती का? शंका आहे. नवऱ्याला नारळ देऊन स्वतःची नोकरी वाचवणारी बाई म्हणून तिला जगणं अशक्य होतं, आणि त्याला न काढल्यानं दोघांचं काम गेलं. दोन्ही वाटा बंद करणारी ही रचना १९८६ मध्ये सह्या करतानाच तयार झाली होती.

तीन महिन्यांनी एडगर फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. मुलगी मेलिसा एकोणीस वर्षांची होती. मायलेकींचे संबंध नंतर काही काळ फार ताणलेले राहिले. १९९४ मध्ये त्या काळावर टीव्हीसाठी सिनेमा निघाला आणि त्यात त्या दोघींनी स्वतःच्याच भूमिका केल्या. असं करणारं कुटुंब मला दुसरं माहीत नाही.

नंतरचं काम

जोन पुन्हा छोट्या जागांपासून सुरू झाली. १९८८ मध्ये ब्रॉडवेवर नील सायमनच्या 'ब्रॉडवे बाउंड'मध्ये दुसऱ्या अभिनेत्रीच्या जागी उभी राहिली. १९८९ मध्ये दिवसाचा टॉक शो मिळाला, तो १९९३ पर्यंत चालला, आणि १९९० मध्ये त्यासाठी डेटाइम एमी हा टीव्हीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला. तो घेताना तिनं एडगरचंच नाव काढलं. दिवसाच्या वेळी समोर बायका होत्या, पाहुणे साधी माणसंही असत, आणि तिची आतलं बोलण्याची ढब तिथे चपखल बसली. रात्रीच्या वेळेची सगळी प्रतिष्ठा बाजूला ठेवली तर सूत्रसंचालक म्हणून तिचं सर्वांत चांगलं काम हेच, असं माझं मत आहे.

१९९० पासून ती क्यूव्हीसी या खरेदीच्या चॅनेलवर दागिने विकायला लागली. त्यावरून नाकं मुरडली गेली. तिनं ती नाकं विनोदात घातली. पुढे मेलिसाला बरोबर घेऊन पुरस्कार सोहळ्यांच्या लाल गालिच्यावर उभी राहिली. तिथे कपड्यांवर जाहीर शेरे मारायची पद्धत या मायलेकींनीच रुजवली. एडगरच्या मृत्यूवरही तिनं स्टेजवरून विनोद केले. ते ऐकून काहींना धक्का बसला, पण तिचं काम पाहिलेल्याला बसायचं कारण नव्हतं.

२०१० मध्ये तिच्यावर माहितीपट आला. त्यात विनोदांची कपाटं दिसतात: लोखंडी खण, प्रत्येकात टाईप केलेली कार्डं, विषयवार लावलेली. कचेरीतल्या जुन्या दफ्तरासारखं सगळं. त्याच माहितीपटात ती कामाच्या तारखांची वही उघडून दाखवते आणि सांगते की भीती म्हणजे या वहीतली कोरी पानं. पंचाहत्तरीतली, पैशाला कमी नसलेली बाई हे बोलते आहे, हे लक्षात घेतलं की १९८७ नं तिच्यावर काय केलं याचा अंदाज येतो.

'टुनाइट शो'ची दारं मात्र बंदच राहिली. कार्सन १९९२ मध्ये निवृत्त झाला, २००५ मध्ये वारला, तरीही. १७ फेब्रुवारी २०१४ ला नवा सूत्रसंचालक जिमी फॅलननं आपल्या पहिल्याच भागात तिला क्षणभर आणलं आणि मार्चमध्ये रीतसर पाहुणी म्हणून बसवलं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला, ८१ व्या वर्षी, ती गेली.

राहिली असती तर?

हा प्रश्न विचारणारे विनोदी कलाकार जे लेनो याचं उदाहरण देतात. जोन गेल्यावर बदलीची जागा १९८७ मध्ये लेनोकडे आली आणि १९९२ मध्ये त्याच वाटेनं तो मुख्य खुर्चीत बसला. म्हणजे जागा वाईट नव्हती, तिनं घाई केली, असा युक्तिवाद. मला तो पटत नाही. लेनोनं गावोगावच्या एनबीसी स्टेशनांच्या मालकांना भेटून त्यांची मर्जी संपादली, हे श्रेय त्याचं. पण 'टुनाइट शो' आजवर एकाही स्त्रीकडे कायमचा गेलेला नाही. १९८६ मधली ती यादी खरी असो वा ऐकीव, इतिहास जोनच्या बाजूनं साक्ष देतो.

लेनोच्या बाबतीत खरा उपयोगी धडा दुसराच आहे आणि तो फारसा कोणी काढत नाही. लेनोनं खुर्ची घेतली तेव्हा कार्यकारी निर्माती होती त्याची बऱ्याच वर्षांची मॅनेजर हेलन कुशनिक. पाहुणे मिळवण्यावरून तिनं अख्ख्या शहराशी भांडणं काढली, एनबीसीशीही काढली. सप्टेंबर १९९२ मध्ये, म्हणजे चारच महिन्यांत, एनबीसीनं तिला काढलं. प्रसंग जवळपास तोच: सूत्रसंचालकाचा विश्वासू माणूस निर्माता, नेटवर्कशी खडाजंगी, आणि 'हा माणूस जाईल' असं नेटवर्कचं फर्मान. लेनो राहिला आणि मधला काही महिन्यांचा खंड सोडता २०१४ पर्यंत त्या खुर्चीत होता. त्याला मॅनेजर सोडावी लागली होती, नवरा नव्हे. जोनवरची बंदीही त्या सगळ्या वर्षांत त्यानं निमूट पाळली.